चिंगळीचा उपास

"भूक लागली की खाईल" या वाक्यावर बंदी घालायचा अधिकार मला कुणी दिला, तर बाकीचे सगळे अधिकार मी आनंदाने सोडून देईन. तसे बाकीचे फारसे नाहीतच. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा सासूबाईंकडे असतो.

मी जनावरांची डॉक्टर. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या एका गल्लीत माझा गाळा आहे. एका बाजूला मोबाईल दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला फरसाण. फरसाणवाल्याचं नाव मुद्दाम घेतलं, कारण माझ्या वजनात त्याचा वाटा मोठा आहे. दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, प्राण्यांच्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी प्रेमाने सांगितलं होतं. मीही प्रेमानेच बसले होते. पण लिहायला घेतलं आणि ते वाक्य आठवलं. प्रेम संपलं.

माणसाचं पोर एका जेवणाला नको म्हणालं तर घरात धावपळ होते. दृष्ट काढतात, डॉक्टर गाठतात, आजी वाटी घेऊन मागे मागे फिरते. आणि मांजर आठवडाभर तोंडात घास घेत नाही, तरी तेच घर निवांत. "नखरे आहेत हो डॉक्टर." "रुसलीय." "लाडावलीय." आणि मग ते वाक्य. लागली की खाईल. अहो, पण लागलीच नाही तर?

हे वाक्य मी पहिल्यांदा हिंदीत ऐकलं. नवीन नोकरीत होते, घोडबंदर रस्त्याकडच्या तबेल्यांत गमबूट घालून फिरायचे. एक म्हैस होती, डोळ्यांत भरेल अशी. व्यायल्यावर दूध जास्त द्यावं म्हणून मालकानं तिला आधीचे महिने सरकी, पेंड, काय काय चारून गोल केली होती. व्याली, आणि वैरणीकडे बघेना. श्वासाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास. मी म्हटलं, हिच्या लिव्हरचं काम आहे, सलाईन लावू, आत्ता. मालक दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "नखरा कर रही है मॅडम. भूख लगेगी तो खाएगी." म्हशीला भूक लागली नाही. ती मेली. दाढी मात्र गुळगुळीत झाली होती.

आता हे लिव्हर मध्येच कुठून आलं ते सांगते, म्हणजे पुढचा माझा आरडाओरडा तुम्हाला अन्याय वाटणार नाही.

खाल्लेलं अन्न आतड्यात जिरलं की त्यातलं बरंचसं एका जाड शिरेतून आधी लिव्हरकडे जातं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. घरात आलेली प्रत्येक पिशवी जिच्यासमोर उघडावी लागते, तशी ती थोरली बाई. काय आलं, काय उरलं, डब्यातलं काय काढायचं, सगळं तिला ठाऊक. आणि तिथूनच वर मेंदूला निरोप जातो. साठा आहे, आता आणू नका. किंवा, साठा सरत आला, हात हलवा. हा निरोप नसेतून जातो की रक्तातून की दोन्हीकडून, यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत. ती त्यांनी सावकाश करावीत. मला टेबलावर दिसतं ते इतकंच, की लिव्हर बिघडलं की भुकेचा निरोपच बिघडतो.

जाड जनावर काही कारणाने खायचं थांबलं, की त्याच्या अंगावरची चरबी सुटते आणि लोंढ्याने लिव्हरकडे येते. लिव्हर ती जाळत बसतं. जाळायला इतकं समोर पडलंय म्हटल्यावर वर निरोप काय जाणार? भरपूर आहे, काही नको. मग जनावर आणखी खात नाही. मग आणखी चरबी येते. जी जळत नाही ती लिव्हरमध्येच साठत जाते, ते फुगतं, पिवळं पडतं, मळमळ सुरू होते. मांजरात तर हे फार झपाट्याने होतं. जनावर उपाशी मरत असतं आणि शेवटपर्यंत त्याचं लिव्हर त्याला सांगत असतं की सगळं भरलेलं आहे. आता सांगा, भूक लागायची कुठून?

माझ्या स्वतःच्या सोनोग्राफीतही लिव्हरवर चरबी निघाली आहे. पण माझ्या लिव्हरनं मला आजवर एकदाही "पुरे" म्हटलेलं नाही. नवरा म्हणतो, "म्हणत असेल गं. फरसाणाच्या कुरकुरीत तुला ऐकू येत नसेल."

तर, चिंगळी.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी इनास नावाचा एक तरुण दवाखान्यात आला. मूळचा उत्तनजवळच्या चौक गावचा, आता मीरा रोडला फ्लॅट घेतलेला, कंपनीत चांगल्या कामाला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मागोमाग त्याची आई, फिलूमावशी. हातात मासळीबाजारात नेतात तसली प्लास्टिकची टोपली, टोपलीवर टॉवेल, टॉवेलखाली मांजर. आणि तिच्यामागे शेजारच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन, हात जोडलेल्या. मला वाटलं मला नमस्कार करतायत. मीही केला. तो टोपलीला होता.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही डॉक्टर, नखं कापायचीयत," इनास म्हणाला. "सोफा खराब करते."

टॉवेल काढला. चिंगळी म्हणजे बारीक कोळंबी. पिल्लू असताना तळहातात मावायची म्हणून मावशीनं हे नाव ठेवलेलं. आता ती टोपलीभर होती. नख कापायला पंजा हातात घेतला, तिनं ओढून घेतला नाही. हे मला आवडलं नाही. ओरबाडत नाही ते मांजर माझ्या टेबलावर सहसा बरं नसतं. कान उलटा करून आतली पातळ कातडी बघितली. हळद लावल्यासारखी. हिरड्या तशाच. पाठीवरून हात फिरवला तर चरबी पोटाशी लोंबतेय आणि कण्याचे मणके बोटाला लागतायत.

"ही खात नाहीये," मी म्हटलं.

"हो, ते आहेच," इनास म्हणाला. सोफ्यापुढे ते किरकोळ होतं. "ॲक्च्युली मीच डाएटवर टाकली तिला. ओव्हरवेट होती ना. मागच्या आठवड्यात मॉलमधून स्पेशल फूड आणलं. तोंड लावत नाही. म्हटलं, भूक लागली की..."

"पूर्ण करू नकोस," मी म्हटलं. "ते वाक्य पूर्ण करू नकोस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशी चौकला दारात बसून बोंबील साफ करायची, ते वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घालायची आणि डोकी-आतडी चिंगळीला टाकायची. दोघींचं दिवसभर बोलणं चालायचं. मग मावशी पडली, गुडघा गेला. नाताळ झाल्यावर लेकानं तिला फ्लॅटवर आणलं, मांजरासकट. तिथे त्यानं घरात मासळी आणणं बंद केलं होतं. लॉबीत वास जातो, लोक काय म्हणतील.

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"तसं कोणी नाही. पण म्हणतील."

हंसाबेन चमकल्या. "मैंने कब बोला? इनासभाई, मैंने कभी कुछ बोला?"

"तुम्ही नाही हो आंटी. जनरली."

या "जनरली"वर मी वेगळा लेख लिहीन.

"किती दिवस झाले?" मी मावशीला विचारलं.

मावशीनं मान ताठ केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही. "राखेच्या बुधवारपासून. मी मासळी सोडली ना गो बाय, बहिणीकडं मिळायची ती पण, ईस्टरआधीच्या चाळीस दिसांच्या उपासकाळात. गुडघ्याला आराम पडू दे, ईस्टरला चौकच्या देवळात पायानं जाऊ दे, असा नवस केला. दुसऱ्या दिवसापासून हिनं पण सोडलं, आज आठ दिवस झाले. माझ्यासंगती उपास धरलाय तिनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण हंसाबेन जोरजोरात मान हलवत होत्या. "डॉक्टरबेन, ये बिल्ली नहीं है, कोई पुण्यात्मा है. हम जैनों में अठ्ठाई करते हैं ना, आठ दिन का उपवास, वैसी ही. मैं तो रोज सुबह इसको शाता पूछने जाती हूँ, जैसे तपस्वी की तबीयत पूछते हैं."

"सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ पण टाकलाय कोणीतरी," इनास म्हणाला. तक्रारीच्या सुरात म्हणाला, पण फोन पुढे केला. व्हिडिओत चिंगळी मॉलच्या बशीपुढे डोळे मिटून बसली होती, खाली फुलांची चित्रं आणि जोडलेल्या हातांची रांग. एका अख्ख्या बिल्डिंगनं, दोन धर्मांनी मिळून, एक मांजर मरताना बघितलं होतं आणि तिला नमस्कार केला होता.

मला राग येतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, असा माझा समज आहे. शेजारच्या मोबाईलवाल्याचा तसा समज नाही. त्या दिवशी तो दुकान सोडून दारात येऊन उभा राहिला.

मी सांगितलं, हा उपास नाही, आजार आहे. वर लिहिलं तेच सांगितलं, थोरल्या बाईसकट. औषधानं भागणार नाही. गुंगी देऊन मानेच्या बाजूनं अन्ननलिकेत एक बारीक नळी घालायची, ती टाक्यांनी बसवायची आणि दिवसातून बऱ्याच वेळा सिरिंजनं पातळ अन्न हळूहळू आत सोडायचं. कित्येक आठवडे. हिला भूक लागेपर्यंत तिच्या वतीनं आपण जेवायचं. नाही केलं तर ही जाईल. केलं तरी जाऊ शकते, पण आशा आहे.

इनास पट्टीशी चाळा करत म्हणाला, "डॉक्टर, प्रॅक्टिकल बोलायचं तर, मी आणि बायको दोघंही जॉबवर असतो..."

मावशी मात्र उठून उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यासकट. टोपली छातीशी धरली. "उपास मोडायचा न्हाय. मुक्या जनावरानं देवाला शब्द दिलाय. गळ्यात भोक पाडून मोडायचा? मना पाप लागंल. माझा नवस पण मोडंल."

"मावशी, तिनं कुणाला शब्द दिलेला नाही! तिचं लिव्हर तिला खोटं सांगतंय!"

"देवाचं तुला काय ठाव गो? तू गुरांची डॉक्टरीण."

हे खरं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. मी रागाच्या भरात माझा जेवणाचा डबा उघडला. त्यात तळलेले बोंबील होते, सासूबाईंच्या हातचे, रवा लावलेले. हंसाबेन दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर नाकाला लावून, पण डोळे उघडे ठेवून, उभ्या राहिल्या. एक बोंबील मी चिंगळीच्या नाकापुढे ठेवला. चौकचं मांजर, बोंबलावर वाढलेलं. तिनं तोंड फिरवलं. ओठांच्या कडेनं लाळेची तार लोंबली.

"बघा!" मी विजयानं म्हणाले.

"बघा!" मावशी माझ्याहून मोठ्या विजयानं म्हणाली. "तोंडाला पाणी सुटलंय, तरी शिवत न्हाय. अगो, एवढा उपास तर आमच्या फादरला पण जमायचा न्हाय."

हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टेबलावर हात आपटला. ती मळमळ आहे, मळमळ, मी ओरडत होते, आणि समोर दोन बायका भक्तिभावानं माझ्या डब्याकडे बघत होत्या. इतकं शिक्षण, इतकी वर्षं, आणि मी एका बोंबलाच्या जोरावर वाद हरले होते.

तेवढ्यात चिंगळी हलली. तिच्यात त्राण नव्हतं, तरी तिनं पुढचा पंजा काढला आणि टेबलाच्या गुळगुळीत पत्र्यावर ओढला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. बोंबलाभोवती. नसलेली माती त्याच्यावर लोटत होती.

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभर मांजरं पाळलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. मांजर असं कशावर करतं, ते तिनं हजारदा बघितलं होतं. मागच्या अंगणात, वाळूत.

"ही घाण झाकतेय," ती हळूच म्हणाली. "बोंबील झाकतेय, हगल्यावानी."

मावशी माझ्या डब्याकडे बघत राहिली आणि मग तिनं एक आवंढा गिळला. तो मात्र मळमळीचा नव्हता.

"उपासात मासळीची किळस येत न्हाय गो," ती म्हणाली. "उपासात मासळी सपनात येते. काल रात्री मना पापलेट दिसला, एवढा." तिनं चिंगळीच्या पिवळ्या कानावरून बोट फिरवलं. "हिला भूकच न्हाय. भूकच न्हाय तर उपास कसला? ही नुसतीच मरतेय." आणि मग लेकाकडे वळून, एकदम चौकच्या बंदरावरच्या आवाजात, "आणि तू व्हिडिओ दाखवतोस मेल्या!"

माझ्या वाटणीचा राग तिनं घेतला म्हणून त्या दिवशी मी थोडी लवकर शांत झाले.

नळी त्याच दिवशी घातली. नंतरचे आठवडे त्या फ्लॅटमध्ये काय चाललं होतं ते मी फोनवरून ऐकलं आणि काही वेळा जाऊन बघितलं. आजारी मांजरांसाठी मिळणारं डबाबंद अन्न मिक्सरमधून पाण्यासारखं करायचं काम मी इनासला लावलं. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. तो म्हणाला मिक्सरला वास येईल. मी म्हटलं, दुसरा मिक्सर घे, पण जनरली बोलू नकोस. सिरिंज मावशीकडे. बोंबलाचं पोट फाडणारे हात होते ते, सिरिंज जराही हलू द्यायचे नाहीत. हंसाबेननी मला आधी विचारलं, डब्यात काय आहे. मी खरं सांगितलं, कोंबडी. मग म्हणाल्या, "सिरिंज मैं नहीं पकडूँगी. बिल्ली मैं पकडूँगी." आणि धरली. दर वेळी, मांडीवर जुनी चादर घालून, तोंड भिंतीकडे करून.

ग्रुपवरचा व्हिडिओ कुणी काढला नाही. नवीन व्हिडिओही कुणी टाकला नाही. नळी लावलेल्या मांजराला फुलांची चित्रं मिळत नाहीत.

या दुखण्यात डॉक्टरला काही करता येत नाही तो भाग आता सुरू झाला. पोटात अन्न पोचतं, शरीराला चरबी सोडायचं कारण उरत नाही, लिव्हर हळूहळू आवरायला घेतं. पण भूक हुकमानं येत नाही. इनास फोन करायचा, "डॉक्टर, अजून काही खात नाही." आता त्या आवाजात पहिल्यासारखा निवांतपणा नव्हता. मी खेकसायचे आणि फोन ठेवून स्वतःच काळजी करायचे. घरी माझ्या ताटातलं तसंच राहायचं. नवरा सासूबाईंना म्हणाला, "आई, हिला भूक नाही वाटतं. लिव्हर बघून घ्या." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं आपल्या ताटातला पापड मला दिला.

ईस्टर आला. मावशीचा गुडघा काही बरा झाला नव्हता. ती रिक्षानं चौकला गेली, देवळाच्या पायऱ्या लेकाचा दंड धरून चढली, आणि येताना बहिणीनं दिलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली. इनास नको नको म्हणत होता. मावशीनं ऐकलं नाही. पिशवी स्वयंपाकघरात खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं शटर वर करत होते तोवर इनासचा फोन.

"डॉक्टर, तिनं पिशवी फाडली! ओट्यावर चढली, नळी लोंबकळतेय, सगळे बोंबील खाली, घरभर वास, मी लॉबीत काय सांगू..."

"खाल्ले?"

"अहो खातेय! आत्ता खातेय! मी काढून घ्यायला गेलो तर चावली मला!"

फोनमध्ये मागून मावशीचा आवाज येत होता, आणि हंसाबेनचा, आणि त्या दोघींच्या वर एक गुरगुर. मांजर तोंडात घास धरून करतं ती. मी अर्ध्या वर गेलेल्या शटरखाली, वाकलेल्या अवस्थेत, तशीच उभी राहिले. मोबाईलवाला म्हणाला, "मॅडम, कंबर धरली का?"

नळी मी लगेच काढली नाही. ती स्वतःच्या तोंडानं पुरेसं खाऊन वजन धरते याची खात्री होईपर्यंत थांबले. मग एक दिवस तिघं परत आली, त्याच टोपलीतून, त्याच टॉवेलखालून. टॉवेल काढायच्या आधीच आतून पंजा बाहेर आला आणि माझ्या मनगटावर रेघ उमटली. कान गुलाबी. मी टाके कापले, नळी ओढून काढली, जखम पुसली. चिंगळीनं मला शिव्या घातल्या. इनासनं सोफ्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, चला, या गल्लीत माझ्या हातून एका माणसाचं तरी शिक्षण झालं.

मावशी टेबलाशी उभी होती. चिंगळीला कुरवाळत, विचार करत.

"डॉक्टरीण, आता हिला बरोबर भूक लागते ना?"

"बरोबर लागते, मावशी."

"तुझ्या माझ्यावानी?"

"माझ्याएवढी नको, पण हो."

"मंग बरं," मावशी म्हणाली. "म्हंजे पुढच्या सालात राखेच्या बुधवारी ती खरा उपास धरू शकते."

माझ्या हातात कात्री होती. इनास भिंतीला टेकला. हंसाबेननी डोळे मिटून घेतले. मावशीचा चेहरा सरळ होता, देवळात बसल्यासारखा, आणि ती थट्टा करत होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

मी जे ओरडले ते गोडदेव नाक्यापर्यंत ऐकू गेलं, असं मोबाईलवाला सांगतो. दचकली नाही ती एकटी चिंगळी. तिचं लक्ष माझ्या डब्याकडे होतं.